हल्ली टाक्याच चांगल्या येतात

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्यासमोर एक नवरा-बायको बसले होते. विमानाच्या पंखाखाली लावायच्या जादा इंधनाच्या टाक्या तो तपासतो, हे एव्हाना सगळ्या खोलीला कळलं होतं.

“अहो, हळू बोला.”

“हळूच बोलतोय. तूच हल्ली पुटपुटतेस.”

“मी पुटपुटते, सून पुटपुटते, टीव्ही पुटपुटतो. तुमचं तेवढं बरोबर.”

“माझे कान ठणठणीत आहेत. टाकीत पाणी भरायचं, दाब चढवायचा, गदागदा हलवायची. सांधा उकलायच्या आधी बारीक टक्क होतं. ते माझ्याशिवाय कोणाला कळत नाही.”

“मशिनं असतील ना त्याला?”

“मशिनं आहेत, पण ती उकलल्यावर सांगतात. मी ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबतात.”

“शेवटचं कधी म्हणालात?”

“वर्षभरात गरजच पडली नाही. हल्ली टाक्याच चांगल्या येतात.”

“टाक्या चांगल्या येतात.”

“काय?”

“काही नाही. त्या टाक्या लावून माणसं वर जातात, एवढं ध्यानात ठेवा. आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगा.”

“सांगतो की. आत घेऊ देत तर खरं.”

त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर आतून पुकारला गेला. बायको त्याच्याकडे बघत गप्प बसली. नंबर पुन्हा पुकारला. आता सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

“बघ, तास होत आला. एक हाक मारायला काय जातं या लोकांचं?”