कवडीची ग्रेड

...अन् मंग मले सांगा, बेसूर मानसाले बेसूर म्हनलं तं मी काय गुन्हा केला? तुमाले सांगतो, मी कापसाचा ग्रेडर हाय, नेरले खरेदी केंद्रावर. कापसानं भरलेल्या बईलबंडीत कोपरापर्यंत हात घालाचा, मूठभर कापूस काढाचा, धागा वढून पाहाचा अन् ग्रेड सांगाची. मानूस म्हनते, साहेब, पुन्हा एकदा पाहा ना... नाई. ग्रेड एकदा लागली का लागली.

तं शहाऐंशी साली आमचा बँड होता. नाव 'कवडी'. कवडी म्हंजे डागी, पिवळा पडलेला कापूस, ज्याले कोनी इचारत नाई, आमालेबी कोनी इचारत नव्हतं. नीळकंठ गाये, देवीलाल गिटार वाजवे, तिले दोनच तारा होत्या, अन् मी ड्रम. म्हंजे वाजवत मी एकटाच होतो, ते दोघं काय करत होते हे अजून कोनाले समजलं नाई. गानं चाळीस सेकंदाचं. काहून? तं आमची प्रॅक्टिस मार्केट यार्डात, तिथी बंड्यायची तीन-तीन दिवस लाइन. नीळकंठ "हात घाल, ग्रेड सांग" म्हनून बोंबलला का बईल बिचकत, अन् बंडीवाला बाजूचा दांडा, म्हंजे उभारी, उपसून आमच्यापर्यंत याले बरोबर चाळीस सेकंद लागत. तेवढ्यात गानं संपवाचं अन् पयाचं.

एकदा असंच पयता पयता मी नीळकंठले म्हनलं, "बाप्पा, तुले गाता येत नाई." बस, एवढंच. त्या दिवसापासून बँड बंद अन् नीळकंठचं माह्याशी बोलनं बंद. वीस वर्षं! घराले घर लागून. दिवाळीचा चिवडा त्याची बायको, कुंदावहिनी, आनून देते, पन थो बोलत नाई. माह्या लग्नात आला, आहेर देल्ला, फोटोत माह्या बाजूले उभा राह्यला... शब्द नाई. मले लय वाईट वाटे, खोटं कायले सांगू, जिगरी दोस्त होता. पन माफी कशाची मागू? ग्रेड एकदा लागली का लागली.

आता या साली, दोन हजार सहात, कापसाचे असे हाल का केंद्रावर बंडी फिरकत नाई, मी खुर्चीवर बसून माशा मारून राह्यलो, तं पुन्याहून एक दाढीवाला पोट्टा आला. क्षितिज. यार्डात टेप केलेली आमची जुनी कॅसेट कुठून तरी त्याच्या हाती लागलती. "काका, हा हार्डकोर पंक आहे, सगळे नियम मोडणारं संगीत. ऐंशीच्या दशकातला आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित बँड."

म्हनलं, "बापू, हे बेसूर हाय."

"तेच तर, काका."

"चाळीस सेकंदात संपते."

"तेच तर!"

म्हनलं, "बईल बिचकत होते."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. त्याले म्हने आमचं फेरमूल्यांकन कराचं होतं. मी सांगतलं, आमच्याकडे तशी सोय नाई, ग्रेड एकदा लागली का लागली.

पन लेख छापून आला. रविवारी क्षितिज थो घेऊन नीळकंठच्या अंगनात वाचाले बसला, मीबी गेलतो. वीस वर्षांनं त्याची पायरी चढलो, म्हनलं आज माह्या ड्रमचं नाव निघन, अन् त्याच्यासमोर निघन. पोट्ट्यानं वाचलं, "नीळकंठ यांचा घसा हाच त्या काळाचा खरा आवाज." कुंदावहिनीनं पदर डोयाले लावला. "देवीलाल यांच्या दोन तारा ऐकल्या की तिसरीची गरजच वाटत नाही." अन् मंग थो जरासा खाकरला. "बँडची एकच उणीव, ड्रमर. तो तालात वाजवतो."

मी चपला शोधाले लागलो. तं नीळकंठ उठला, माह्या खांद्यावर हात ठेवला, अन् वीस वर्षांत पह्यल्यांदा माह्यासमोर तोंड उघडलं. "मनाले लावून नको घेऊ. सगळ्यायलेच जमते असं नाई. सकायी येत जा, मी शिकोतो."

आता काय कराचं, सांगा? दोस्त बोलला ना. रोज सहा वाजता जातो. थो खाटेवर बसते, मी तेलाचा डब्बा बडवतो, अन् जरासा ताल लागला का थो हात वर करून थांबवते. महिना झाला. काल कुंदावहिनीले सांगून राह्यला होता, "मेहनती हाय बिचारा, पन अंगातच नाई."