शेवटी मीटर असलेले शब्द

बाकावर माणसं तीन, त्यांतले उमेदवार दोन आणि प्रयोगशाळा सहायकाची जागा एक. नुकतीच पदवी घेतलेली उमेदवार कडेला बसून शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकत होती.

"बाबा, तुमच्या या वहीत सगळ्या शब्दांच्या शेवटी मीटरच आहे. हायड्रोमीटर?"

"द्रवाची घनता. तरंगू द्यायचं, बोट लावायचं नाही."

"बोटाचं कोण विचारतंय?"

"अगं, वीस वर्षं शिपाई म्हणून मीच पुसतोय ती!"

"मॅनोमीटर?"

"वायूचा दाब. नळी वाकडी, काम सरळ."

"अ‍ॅनिमोमीटर?"

"हा कुठला पाहुणा? आमच्या कपाटात नाही."

"इथला अर्थ फाटलाय, बाबा."

"झालं! वयात बसणारी ही माझी शेवटची परीक्षा."

कडेची मुलगी त्यांच्याकडे वळली.

"काका, त्यानं वाऱ्याचा वेग मोजतात."

"म्हणजे गच्चीवर चार वाट्या गरगरतात ते? पोरी, त्याला दर शनिवारी तेल मीच घालतो!"

"मग नाव कसं माहीत नाही, बाबा?"

"आम्ही त्याला भिंगरी म्हणतो."

"ताई, तुमचीपण हीच परीक्षा?"

"हो."

परीक्षेत अ‍ॅनिमोमीटरवर प्रश्न आलाच. दुपारी निकाल लागला. काकांना वीसपैकी एकोणीस गुण होते, तिला अठरा.