मोटर गप होती

माझं माहेर येडशीचं. स्टेशनाच्या पल्याड, रामलिंगाकडं जाताना आमची वस्ती लागती, बाप शेरडं राखायचा आन आम्ही तिघी बहिणी त्याच्या मागं मागं. सुई म्हणलं तर मला पायातला काटा काढायची सुई तेवढी ठाऊक. शिवणकाम मी शिकले ती लग्न होऊन बेंबळीला आल्यावर, आन शिकवलं ते आमच्या आक्कांनी. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सगळं घर त्यांना आक्काच म्हणतंय. मला धड भाकरी थापता येत न्हवती, सासूबाई बोलायच्या, तर आक्कांनी मला एक दिवस हाताला धरून मशिनीपाशी नेलं, म्हणल्या तितं जमत न्हाय तर हितं बस. जुन्या पेपराचा कागद कापून पयलं ब्लाउज माझ्याकडनं कागदाचंच शिवून घेतलं. माझी शिवण वाकडी गेली की स्वतः उसवायच्या, मला उसवू देत न्हवत्या, म्हणायच्या तू फकस्त शिवत जा, उसवायला मी हाय.

अशी बाई. ताई, हे आधी सांगायलेय कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यांना काय कमी समजू नका.

तर आक्कांची ती एक पायमशीन, तिच्यावर आम्ही दोघी आळीपाळीनं बसायचो, गावातल्या अर्ध्या बायकांची ब्लाउजं आमच्या पडवीतनंच जायची. मग शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं, ते काय पायमशिनीवर उरकंना. आमचे हे टेम्पोवर हायत, त्यांना सोलापूरला कळालं की एक कारखाना बंद पडलाय आन तितल्या जुन्या पावरच्या मशिनी विकायला काढल्यात, तर त्यातली एक टेम्पोत घालून घेऊन आले. मशीन चांगली होती, झिजलेली पण चांगली. मोटर मातूर जुन्या तऱ्हेची, लोखंडाचा गोळाच. बटण दाबलं की जी घूं घूं सुरू व्हायची ती तुम्ही शिवा न्हायतर नुसतं बसा, तिचं आपलं चालूच. आन पायडलला पाय लागायचा उशीर, बैल उधळल्यावानी मशीन पळायची. आक्का तिच्यावर एकदा बसल्या आन तशाच उठल्या, म्हणल्या शोभा, ही आपल्या हातातली न्हाय.

म्या मोबाईलवर बघितलं, सर्वो मोटर म्हणून एक निघालीय, ती लावली की मशीन पायाच्या हुकमात राहती, हळू म्हणलं की हळू, जोरात म्हणलं की जोरात. ती मागवून घेतली. धाराशिवला मशिनी दुरुस्त करणारे एक काका हायत, त्यांना फोन लावला तर म्हणले मी आठ दिवस मोकळा न्हाय, तुम्ही खोला, अडलं तर मला फोन करा.

मग काय, मी घुसले टेबलाखाली. जुन्या मोटरीचे तीन नट, तिन्ही गंजलेले, राकेल सोडून सोडून ढिले केले. मोटर अंगावर पडू नये म्हणून खाली सोयाबीनचं पोतं सरकवलं आन तिला त्या पोत्यावर उतरवलं. नवी मोटर बघा, तांब्याएवढी. ती टांगली, पट्टा जुना लांब पडला तर ह्यांना पाठवून धाराशिवाहून आखूड मागवला, मशिनीचं चाक आन मोटरीचं चाक एका रेषेत हाय का बघायला दोऱ्याला बॉबिन बांधून गवंड्यासारखा ओळंबा केला. पायडलची सळई जोडली. हे सगळं चाललेलं असताना आक्का उंबऱ्यात बसून तूर निवडायलेल्या, आन घडी घडी म्हणायच्या, शोभा, हे काय बायकांचं काम न्हाय, काकांना येऊ दे, आठ दिवसांत काय बिघडतंय. एकदा म्हणल्या, दोनदा म्हणल्या. काळजीनंच म्हणत होत्या, आता कळतंय. तवा मला ते लागलं.

चालू केली तर उलटी फिरली. दोऱ्याचा नुसता गुंता. काकांना फोन केला, ते म्हणले मोटरीच्या डबीवर बटण हाय, फिरायची बाजू बदला, चाक तुमच्याकडं फिरलं पायजे. बदललं, आन ताई, अशी लोण्यासारखी चालली की मला रडूच आलं. फोन चालूच होता. काका म्हणले, बाई, एक नीट ऐका. जुनी मोटर वरडायची, ही गप असती, चालू हाय का बंद हे कानाला कळत न्हाय. सुई ओवायच्या आधी बटण बंद करायचं आन पाय खाली घ्यायचा. जे कोण मशिनीवर बसंल त्याला हे आधी सांगा, आन स्पीड थोडे दिवस कमीच ठेवा. मी व्हय काका म्हणलं आन फोन ठिवला.

मग आक्कांना हाक मारली, या बघा. स्पीडचा आकडा वाढवून दाखवला, एका दमात सदऱ्याची बाजू शिवली. आक्का हसल्या, जमवलंस की गं म्हणल्या आन स्वतः बसल्या. दोन शिवणी टाकल्या, तिसरीला दोरा तुटला. तेवढ्यात बाहेरनं शेजारणीनं माप द्यायला हाक मारली आन मी उठले. उठताना माझ्या मनात आलं होतं, ताई, खोटं न्हाय बोलत, की बटण बंद करावं, न्हायतर निदान तोंडानं सांगावं. आन त्याच मनानं म्हणलं, सारखं बायकांचं काम न्हाय म्हणत होत्या ना, आता दोन गोष्टी आक्कांना बी ठाऊक नसू द्यात. एवढंच. एवढ्याशा हट्टापायी.

आक्कांना वाटलं मशीन गप झाली म्हणजे शोभानं जाताना बंद केली. पायमशिनीची सवय, पाय पायडलवरच ठिवला आन सुई ओवायला वाकल्या.

मी आले तर आक्का वरडल्या बी न्हवत्या. उजव्या हाताचं पयलं बोट डाव्या हातानं दाबून धरलेलं, मशिनीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर रगत, आन सुई तुटलेली. तुकडा बोटात. म्या कापडाचं फडकं गुंडाळलं, शेजारणीनं रिक्षा बोलावली, धाराशिवचा दवाखाना गाठला. फोटो काढला तर तुकडा पार हाडात रुतलेला, चिरून काढावा लागला. थोरले भाऊजी, आक्कांचे मालक, शेतातनं तसेच आले, चिखलाच्या पायानं. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. भाऊजी माझ्याकडं बघायलेले. आन म्या म्हणलं, आक्कांचं लक्ष न्हवतं.

आक्का तितंच पडलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन म्हणल्या, व्हय, माझंच लक्ष न्हवतं.

ती सुई तर चुकून लागली असं एखांदा म्हणंल, पण हे बोलणं म्या चांगलं जाणूनबुजून बोललेलं हाय.

पुढं काय झालं ते ऐका. बोट भरलं, पण आक्का मशिनीवर बसंनात. कापड घेऊन नुसत्या बसायच्या. एक दिवस भाऊजींना म्हणल्या, मला मशिनीचा आवाजच आला न्हवता, माझे कान गेलेत वाटतं. झालं, घरात सगळ्यांनी ते खरं धरलं. भाऊजी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, आधी जरासं मोठ्यानं, मग शेतात हाक मारल्यावानी. पोरं बी तसंच. भाकर वाढायची म्हणली तर आक्कांच्या कानाशी जाऊन वरडायचं. आक्का बिचाऱ्या मान हलवायच्या, न्हाय म्हणायच्या न्हायत, त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला होता, कुणी हळू बोललं तरी दोनदा विचारायच्या, काय म्हणलास. देवळात भजनाला जायचं बंद केलं, टाळ मागं-पुढं वाजला तर बाया हसतील म्हणून. आन मी सगळं बघायलेली. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. रोज सकाळी म्हणायची आज सांगू, आन रोज गणवेशाचा गठ्ठा पुढं ओढून बसायची. आक्कांची गिऱ्हाइकं बी माझ्याकडंच यायला लागली, लोक म्हणायचे आक्कांचं आता वय झालं. त्यांचं वय काय, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या.

मग त्यांच्या लेकानं त्यांना धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. ऊन डोक्यावर असताना परत आल्या, घरात गेल्या न्हायत, सरळ माझ्याकडं पडवीत आल्या. हातात तो तपासणीचा कागद. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

शोभा, कान चांगले हायत म्हणले डॉक्टर. मग मला आवाज का आला न्हाय?

 म्या उठून मशिनीचं बटण दाबलं, डबीवरचा बारका दिवा लागला त्यो हातानं झाकला. म्हणलं, आक्का, काय ऐकू येतंय का? म्हणल्या न्हाय. म्हणलं, मशीन चालू हाय. आन पायडलवर नुसता अंगठा टेकवला, सुई खाली जाऊन वर आली.

आक्का त्या सुईकडं बघत राहिल्या. मग म्हणल्या, तुला हे आधी ठाऊक होतं?

व्हय.

मी त्यांच्या पायावर पडले, तर पाय मागं घेतला त्यांनी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो कागद घडी घालून ब्लाउजात ठिवला आन म्हणल्या, आमच्या ह्यांना जाऊन सांग. लई जोरात बोलत्यात माझ्याशी.

दुपारी सगळे जेवायला बसले तवा म्या भाऊजींसमोर, ह्यांच्यासमोर, पोरांसमोर सांगितलं. काकांनी काय सांगितलं होतं, मी काय लपवलं, दवाखान्यात काय खोटं बोलले. आमचे हे ताटावरनं उठून गेले. भाऊजींनी घास खाली ठिवला, आक्कांकडं वळले आन हळू आवाजात म्हणले, मीठ दे. एवढंच. आक्कांनी डोळ्याला पदर लावला, तो काय माझ्यासाठी न्हाय.

तीन महिने त्या माझ्याशी बोलल्या न्हायत. आता बोलत्यात, गरजेपुरतं. पायमशिनीवर बसत्यात, पर त्या बोटाच्या शेंड्याला काय कळत न्हाय, रेशमी हाय का सुती हाय हे अंगठ्यानं चाचपायला लागतंय. हूक लावायचं काम त्यांना होत न्हाय, ते मी लावून देते, कपडे उंबऱ्यात ठिवलेले असत्यात, मी लावून परत तितंच ठिवते. भजनाला जायला लागल्यात. माफ केलं का, हे म्या विचारलं न्हाय आन त्या बोलल्या न्हायत, आन विचारायचा माझा काय हक्क बी न्हाय.

औंदा त्यांच्या लेकाचं लग्न झालं. नवी सून गुणाची हाय, शिवणाची आवड. मागल्या महिन्यात आक्का तिला घेऊन माझ्या पडवीपर्यंत आल्या, आत आल्या न्हायत. म्हणल्या, हिला ह्या मशिनीवर शिकव. आन काय बी सांगायचं बाकी ठिवू नको.

तवापासनं ती रोज येती. लेकरू मशिनीवर बसलं की मी तिच्याशेजारी उभीच राहते, शेजारीण हाका मारून दमती, मी हालत न्हाय. ती हसती, म्हणती काकू, मला येतंय आता. येतंय, व्हय, चांगलं येतंय तिला, आक्कांसारखाच हात हाय तिचा, शिवण कशी सरळ जाती. देवा, तिची धा बी बोटं शाबूत राहू दे. माझ्यासाठी म्या कायच मागितलं न्हाय.