वरचे तेरा टक्के

सिंगापुरात आज सहावीची परीक्षा. बसच्या रांगेत माझ्यापुढे कयल आणि तिचे वडील.

“मेईचे आणि रहीमचे स्टिकर तीनास पाच. रहीमनं आपले वीस टक्के मेईला दिले. मेईचे किती टक्के वाढले? क्ष धर.”

“अप्पा, आमच्यात क्ष नसतो. चौकोन काढायचे.”

“काढ. तिचे तीन, त्याचे पाच.”

“त्यानं एक दिला, तिचे चार झाले. म्हणजे तेहेतीस टक्के वाढले.”

“दिले वीसच ना? वरचे तेरा कुणी घातले?”

“कुणीच नाही!”

“मग रहीमचे चौकोन मोठे असतील.”

“सगळे सारखेच आहेत. बस आली, चला!”

“आधी तेराचं सांग.”

“अप्पा, परीक्षा माझी आहे!”

“म्हणूनच विचारतोय. तू आत गेलीस की मी बाहेर कुणाला विचारू?”