आप्पांचा अंगठा

निपाणीच्या स्टँडवर चिकोडीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. साल शहाऐंशी. पाठीमागच्या बाकावर डोकं भादरलेला एक तरुण आणि त्याची थोरली बहीण बोलत होती.

“आक्का, आप्पांना आपरेशन नकोच हुतं. मी पटवलं त्येनला.”

“मग कोण पटवणार? डाक्टर सांगून दमलं, मी रडून दमले.”

“तसं न्हवं गं. शिलाई मशिनी खपवायला कंपनीनं पुण्यात शिकवलेलं. समोरचा बसंल तसं बसायचं. त्येच्या श्वासासंगं श्वास घ्यायचा, त्येचेच शब्द बोलायचे. मग गिऱ्हाईक न्हाय म्हणत न्हाय.”

“आन् ते आप्पांवर केलंस?”

“व्हय. धा मिनटात कागदावर अंगठा दिला त्येनी. आन् टेबलावरच गेलं. बापाला गिऱ्हाईक केलं गं मी.”

“भीमा, रडू नगं. आत न्यायच्या आदी आप्पा माझ्याशी बोललं हुतं.”

“काय म्हणालं?”

“म्हणालं, पोरगं कंपनीचं कायतरी करत हुतं. मी पाय हलवला की त्योबी हलवायचा. मी खोकलो की थांबायचा.”

“त्येनला कळलं हुतं?”

“सगळं कळलं हुतं रं.”

“मग अंगठा का दिला?”

“मीबी तेच इचारलं. तर म्हणालं, शेवंता, लई वर्सांनी एवढा जवळ बसला हुता. न्हाय म्हटलो असतो तर उठून गेला असता.”