डबा गप्प झाला तेव्हा

पुंडलिक : दोन्ही हात टेबलावर ठेव. ठेव म्हणतो ना! हे हातोडी दिसून राहिली? अशाच हातोडीनं माझ्या भावाचं डोकं फोडलं त्या दरोडेखोरांनी. भरदुपारी, सराफ्यातल्या आपल्याच दुकानात.

नीलकंठ : पुंडलिकभैया, हातोडी खाली ठेवा ना. बळीरामदादा कसे आहेत?

पुंडलिक : आपरेशन चालू आहे. त्याच्या बायकोले, इंदूले सांगितलं, डोळे उघडले की फोन कर. डबा बसवताना तू बोलला होता ना, तार कापली तरी चौकातला भोंगा वाजते? काहून नाही वाजला?

नीलकंठ : तुमच्या दुकानातला धोक्याचा डबा तारेवरून माझ्या मशीनला म्हणत राहतो, 'मी आहे, मी आहे'. ये यूडीपी है भैया, नुसते निरोप सोडायचे, इसमें कनेक्शन होता ही नहीं. तार कापली तर कोणी सांगत नाही. फक्त डबा गप्प होतो.

पुंडलिक : गप्प झाला तर वाजवायचा भोंगा!

(हातोडी नीलकंठच्या लॅपटॉपवर बसते.)

नीलकंठ : वाजवत होतो ना मी! तुम्ही दुकानदार लोक रात्री मेन स्विच पाडून घरी जाता, डबा गप्प, की भोंगा सुरू. कमानिया गेटपर्यंत बोंबाबोंब. तेव्हा माझी गचांडी कोणी धरली?

पुंडलिक : मी धरली. थोबाडीतही दिली. मग?

नीलकंठ : मग मी डब्यावर बटण लावलं. मेन पाडायच्या आधी ते दाबायचं, बस. न दाबता गप्प झाला तरच भोंगा. एकानंही दाबलं नाही!

पुंडलिक : त्यावर 'बंद' लिहिलं होतं तू! धंद्याच्या जागी! आम्ही दुकान वाढवतो रे, बंद नाही करत. बापानं कधी तो शब्द तोंडातून काढला नाही.

नीलकंठ : एवढं सांगायचं तरी! दुसरं काही लिहिलं असतं. मला वाटलं, तुम्हाला कटकट नको. गप्प डब्यावर भोंगा वाजवणंच काढून टाकलं मी.

पुंडलिक : आन् त्यांनी तार कापलेली, माझा भाऊ डब्याचं धोक्याचं बटण दाबत राहिला. मेल्या तारेवर! बोटं ठेचली त्यांनी त्याची, तरी दाबत होता. आता तुझी ठेचतो. हात नको हलवू.

नीलकंठ : भैया... फोन. तुमचा फोन वाजून राहिला.

पुंडलिक : हलू नको तू. हॅलो, इंदू? उघडले का डोळे? बोल ना... इंदू?

नीलकंठ : कटला का?

पुंडलिक : नाही. श्वास ऐकू येऊन राहिला तिचा.