उसातून जाताना बोलायचं

मी एकटाच सायकल घेऊन कुठं उलथतो, असं विचारता ना? मग ऐका. पिंपरी पेंढारच्या पुढं कालव्याच्या रस्त्याला लागलो होतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. उसाला पाणी देणाऱ्या एकानं मला हात करून थांबवलं.

"पावणं, असं गप नका जाऊ. सायकलीला आवाज न्हाई, त्यात तुमी वाकलेलं. बिबट्याला वासरूच वाटंल. मोठ्यानं बोलत जावा."

मी वैतागलो. "एकटा माणूस बोलणार कुणाशी?"

"कुणाशी बी बोला, राव! बिबट्याला काय कळतंय?"

पुढं निघालो आणि तोंडातून हिचंच नाव आलं. हिला जाऊन वर्ष होत आलं, तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, "अगं, कुकरची रिंग गेलीय. तू कुठून आणायचीस?" मग गुडघा, पोराचे फोन, सगळंच सांगत सुटलो.

पुलाजवळ कपडे धुणारी बाई ओरडली, "भाऊ, ऊस कवाच संपला! आता गप बसला तरी चालंल."

गप बसलो. घरापर्यंत गपच.

तुम्ही म्हणता हायवेनं जा, रस्ता चांगलाय. असेल. मी उसातूनच जातो.